कृष्णधवल छायाचित्रणातील करडा प्रदेश : छटाविस्तार आणि कॉन्ट्रास्ट यांचा समीक्षात्मक विचार

सारांश

कृष्णधवल छायाचित्राची चर्चा मराठीत बहुधा काळा आणि पांढरा या दोन टोकांभोवती फिरते. या माध्यमाचे खरे सामर्थ्य मात्र दोन टोकांमधील करड्या छटांच्या विस्तारात आहे. जुन्नर परिसरातील लेणी व शिलालेख यांचे दस्तऐवजीकरण, प्रभात फिल्म कंपनीचे १९३४ ते १९३७ या काळातील चित्रपट आणि सुधारक ओलवे यांची सफाई कामगारांवरील छायाचित्रे, या तीन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात छटाविस्तार व कॉन्ट्रास्ट यांचा विचार केला आहे. कॉन्ट्रास्ट ही केवळ तांत्रिक बाब किंवा आवडीनिवडीची गोष्ट नसून काय दिसावे आणि काय बुडावे यासंबंधीचा तो निर्णय असतो, अशी लेखाची भूमिका आहे.

बीजशब्द : कृष्णधवल छायाचित्रण, छटाविस्तार, कॉन्ट्रास्ट, जुन्नर लेणी, प्रभात, सावळा वर्ण, दस्तऐवजीकरण.

१. प्रस्तावना

'कृष्णधवल' हा शब्द सुबक आहे, पण तो अपुरा आहे. त्यात दोन टोकांची नावे आहेत. त्यांच्यामधील प्रदेशाचे नाव नाही. प्रत्यक्षात चांगल्या कृष्णधवल छायाचित्रात शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांनी व्यापलेली जागा फारच थोडी असते. उरलेले सर्व क्षेत्र करड्याचे, म्हणजे राखी, धुरकट, शिसवी, मातकट अशा असंख्य पायऱ्यांचे असते. माध्यमाच्या नावातच हा मधला प्रदेश वगळला गेल्यामुळे आपल्याकडील छायाचित्रविषयक लेखनातही तो वगळला गेला असावा. 'काळ्या-पांढऱ्याचा प्रभावी खेळ' हे वाक्य प्रदर्शनांच्या परीक्षणांतून वारंवार आढळते. करड्याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते.

मराठी भाषा मधल्या छटांना अपरिचित आहे असे मात्र नाही. माणसाच्या वर्णासाठी आपल्याकडे काळा, काळासावळा, सावळा, गव्हाळ, निमगोरा, गोरा अशी एक पूर्ण शिडीच आहे. प्रकाशासाठी झुंजुमुंजू, कातरवेळ, तिन्हीसांजा, मळभ असे नेमके शब्द आहेत. बोलीला जे सहज साधले ते दृश्यकलेच्या समीक्षेला साधू नये, याचे आश्चर्य वाटते. ही उणीव कशी भरून काढता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यासाठी निवडलेला प्रदेश मुख्यतः जुन्नर तालुक्याचा आहे. जुन्नरच्या उत्तरेस, माळशेज घाटाकडील डिंगोरे परिसरात वर्षभरात प्रकाशाची दोन परस्परविरोधी रूपे पाहावयास मिळतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीत दिवसेंदिवस मळभ असते. सावल्या नाहीशा होतात आणि डोंगर, शेत, माणूस हे सारे जवळजवळ एकाच छटेत मिसळतात. चैत्र-वैशाखातील दुपारी नेमके उलट घडते. उन्हातील भिंत डोळे दिपवते आणि ओसरीतील माणूस अंधारात हरवतो. पहिल्या स्थितीत कॉन्ट्रास्ट अत्यल्प, तर दुसरीत तो फिल्मच्या किंवा कागदाच्या कुवतीबाहेरचा असतो. या दोहोंमध्ये छायाचित्रकाराला निवड करावी लागते, आणि समीक्षेचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.

२. छटाविस्तार आणि कॉन्ट्रास्ट : संकल्पनांची स्पष्टता

छटाविस्तार आणि कॉन्ट्रास्ट या संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. त्या तशा नाहीत. छटाविस्तार म्हणजे चित्रातील सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट बिंदूंमधील अंतर व त्या अंतरात उपलब्ध असलेल्या पायऱ्या. कॉन्ट्रास्ट म्हणजे या पायऱ्यांमधील चढ किती तीव्र आहे हे. दोन चित्रांत काळा तितकाच काळा आणि पांढरा तितकाच पांढरा असूनही एकात मधल्या पायऱ्या भरपूर, तर दुसऱ्यात त्या जवळजवळ नाहीत, असे होऊ शकते. पहिले चित्र पूर्ण छटाविस्ताराचे, तर दुसरे तीव्र कॉन्ट्रास्टचे होय.

प्रकाश आणि फिल्मवरील गडदपणा यांचे नाते मोजण्याची शास्त्रीय पद्धत हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये मांडली. त्यांच्या आलेखात मध्यभागी सरळ चढ असतो व दोन्ही टोकांना वक्रता असते. गडद टोकाला आणि फिकट टोकाला छटांमधील भेद दाबले जातात. मधल्या भागात ते सुटे राहतात. अर्थात माध्यमाची रचनाच मधल्या छटांना अनुकूल आहे. पुढे १९३९-४० च्या सुमारास अॅन्सेल अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी 'झोन पद्धती' मांडली. शून्य ते दहा अशा अकरा झोनमध्ये दृश्याची विभागणी करून, प्रत्येक झोन आधीच्या झोनपेक्षा दुप्पट प्रकाशाचा मानून, कोणती वस्तू कोणत्या झोनमध्ये ठेवायची हे छायाचित्र घेण्यापूर्वीच ठरवणे, हे तिचे सार आहे. पाचवा झोन म्हणजे मध्यम करडा. सुमारे अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारा.

या पद्धतीचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. छटा ही निसर्गाकडून आपोआप मिळत नाही, ती ठेवावी लागते, हे तिने स्पष्ट केले. एका उन्हाळी दृश्यात उजेड आणि अंधार यांचे प्रमाण हजारास एक किंवा त्याहूनही अधिक असू शकते. चकचकीत छायाचित्रण-कागदावर हे प्रमाण सुमारे शंभरास एक इतकेच राखता येते. खरखरीत कागदावर त्याहून बरेच कमी. वृत्तपत्राच्या कागदावर तर दहास एकच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे दृश्याकडून छापील पानाकडे येताना प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गमवावेच लागते. काय गमवायचे हे कोणीतरी ठरवते. जो ठरवत नाही त्याच्या वतीने यंत्र ठरवते.

३. दगड : जुन्नरची लेणी, ठसे आणि छायाचित्रे

जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मोठा लेणीसमूह आहे. लेण्याद्रीच्या तीस लेण्यांपैकी सहावे लेणे चैत्यगृह असून सातव्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे. तुळजा लेण्यांत वर्तुळाकार विधानाचे व बारा स्तंभांचे चैत्यगृह आहे. पश्चिमेला नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे. हे सारे काम बेसॉल्टमध्ये झाले आहे. बेसॉल्ट हा गडद, बारीक पोकळ्या असलेला व पावसाने डागाळणारा दगड. त्यातील लेण्याचे दर्शनी अंग उन्हात, तर गाभा अंधारात. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून कठीण विषय थोडाच असेल.

या लेखांचे व लेण्यांचे अभ्यासकांसमोर आलेले पहिले रूप छायाचित्राचे नव्हते; ते प्रामुख्याने हस्तनकलेचे व ठशाचे होते. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचे पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांवरील पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. कोरलेली अक्षरे खोलगट असल्याने तेथे शाई पोचत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे पांढरी उमटतात. ठसा हे खऱ्या अर्थाने 'कृष्ण-धवल' चित्र होय. त्यात मधली छटा जवळजवळ नसते आणि म्हणूनच तो वाचायला सोपा असतो.

तथापि या सोपेपणाची किंमत आहे. छिन्नीने कोरलेली रेघ, दगडाची नैसर्गिक भेग आणि पावसाने झिजलेला खळगा हे तिन्ही ठशात पांढरेच उमटतात. एखादी मात्रा लेखकाने कोरली की काळाने, हा प्रश्न ठसा सोडवू शकत नाही. तिरप्या प्रकाशात घेतलेल्या व मधल्या छटा राखलेल्या छायाचित्रात मात्र कोरीव रेघेची कड तीक्ष्ण आणि झिजेची कड पसरट दिसते. हा भेद काळा व पांढरा यांच्यातील नसून दोन करड्या छटांमधील असतो. नाणेघाटाच्या लेण्यात ज्या राजपुरुषांच्या प्रतिमा होत्या त्या आज नष्ट झाल्या आहेत. त्यांच्या डोक्यावरील नावे व खाली पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. ठशात नावे वाचता येतात, पण तुटलेल्या प्रतिमेची दगडावर राहिलेली खूण केवळ करड्या छटांतच दिसू शकते.

यावरून छायाचित्र नेहमीच ठशाहून श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. प्रकाशाची दिशा बदलली की छायाचित्रातील रेघही बदलते. दिशेबाबत ठसा तटस्थ असतो. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. मुद्दा इतकाच की, तीव्र कॉन्ट्रास्ट वाचनाला मदत करतो आणि छटाविस्तार तपासणीला. वाचन आणि तपासणी या भिन्न क्रिया आहेत, आणि ज्ञानव्यवहारात दोहोंची गरज असते.

लेण्यांच्या आरंभीच्या छायाचित्रांकडेही या दृष्टीने पाहता येते. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यात अनेक वर्षे घालवली. त्यांपैकी बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. तत्पूर्वी, १८६४ मध्ये, जेम्स फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरील पुस्तकात गिल यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. त्या काळातील ओल्या कलोडियन काचा प्रामुख्याने निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. आकाश कोरे पांढरे उमटे. तांबडा व पिवळा रंग काळवंडे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गेरू व पिवळी माती यांचे प्राबल्य आहे. त्यामुळे ही सामग्री चित्रांपेक्षा शिल्प व वास्तू यांनाच अधिक न्याय देऊ शकत होती. एकोणिसाव्या शतकातील लेण्यांची छायाचित्रे गंभीर, जड व मूक वाटतात. त्यातील काही भाग शिल्पाचा गुण आहे आणि काही भाग रसायनाचा. हे दोन भाग वेगळे करून सांगणे हे समीक्षकाचे काम आहे.

दगडाच्या करड्या छटेचे महत्त्व इतिहासाच्या दुसऱ्या एका प्रसंगातही दिसते. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे घेतली. या छायाचित्रांचा आशय भिंतीच्या मध्यम करड्या पृष्ठभागावरील लहान गडद खुणांत आहे. भिंत पांढरी फट्ट करून वा सावलीत बुडवून चित्र अधिक 'परिणामकारक' करता आले असते. पण मग त्याचे पुराव्याचे मूल्य राहिले नसते.

४. पडदा : 'अमृतमंथन' आणि 'संत तुकाराम'

दगडाकडून पडद्याकडे येताना दादासाहेब फाळके यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित करण्यापूर्वी त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व ड्राफ्ट्समन म्हणून काम केले होते आणि ठसेकाम व छपाईचा व्यवसायही केला होता. लेणी, छापखाना आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : अखंड छटांचे जग मर्यादित पायऱ्यांत कसे बसवायचे.

मूकपटांच्या काळात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म प्रचलित होती. तिला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे कुंकू काळे दिसे, ओठ काळे दिसत, आणि ज्या त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबडा अंश अधिक, अशी गव्हाळ वा सावळी त्वचा होती त्याहून गडद उमटे. त्यावर उपाय म्हणून नट-नटींचे चेहरे फिकट लेपांनी रंगवले जात. वर्णभेदाची सामाजिक सवय आणि रसायनाची मर्यादा येथे एकमेकींना बळ देताना दिसतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि ही सक्ती तांत्रिकदृष्ट्या तरी संपली. सवय मात्र पुढेही टिकली.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आली. तेथील पहिला चित्रपट 'अमृतमंथन' १९३४ चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि तिला विरोध करणारा राजगुरू यांचा हा संघर्ष आहे. त्याची प्रकाशयोजना जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांशी नाते सांगणारी आहे : गडद मंदिर, मशालीचा उजेड, भिंतीवर वाढणाऱ्या सावल्या. हिंदी आवृत्तीतील चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दृश्य तर प्रसिद्धच आहे. येथील तीव्र कॉन्ट्रास्ट विषयाशी सुसंगत आहे. अंधश्रद्धा व सत्ता यांच्या गुप्त व्यवहाराला अंधार लागतो, आणि प्रेक्षकाला भय वाटावे हाच दिग्दर्शकाचा हेतू आहे.

दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल, छायालेखक व्ही. अवधूत, आणि तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला. त्याच्या यशाची कारणे अभिनय, संगीत व भाषेचा साधेपणा यांत शोधली जातात आणि ते योग्यच आहे. तथापि या साधेपणाला एक छटात्मक बाजूही आहे. 'अमृतमंथन'मधील अंधार येथे नाही. घर, अंगण, रस्ता, देऊळ यांतील प्रकाश बहुतांशी सौम्य आणि पसरलेला आहे. तुकारामांचे पांढरे वस्त्र डोळे दिपवत नाही, आणि आवलीचा संसार काळोखात ढकललेला नाही. संत आणि संसारी यांच्यात प्रकाश-अंधाराची सोपी वाटणी दिग्दर्शकांनी केलेली नाही. आवलीच्या तक्रारीलाही तुकारामांच्या भक्तीइतकाच उजेड मिळतो. चित्रपटातील चमत्कार खपून जातात त्याचे एक कारण हे आहे की, ते ज्या जगात घडतात ते जग नेहमीच्या करड्या छटांचे आहे.

यानंतरचा 'कुंकू' १९३७ चा. ज्याचे शीर्षकच एक रंग आहे असा हा चित्रपट रंगाविना पाहावा लागतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू काळे न दिसता मध्यम करडे दिसते. कपाळाच्या छटेपासून ते फार दूर नसते. त्याचे महत्त्व रंगाने नव्हे, तर कथेतील संबंधांनी व शांता आपटे यांच्या अभिनयाने सिद्ध करावे लागते. माध्यमाची उणीव अशा प्रकारे नाट्याला अंतर्मुख करते.

'अमृतमंथन' आणि 'संत तुकाराम' यांपैकी कोणत्या चित्रपटाचे छायालेखन श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. एकाच संस्थेने दोन वर्षांच्या अंतराने, दोन आशयांसाठी, दोन भिन्न छटायोजना वापरल्या हे महत्त्वाचे आहे. कॉन्ट्रास्ट आशयातून ठरतो तेव्हा तो शैली असतो. आशयाआधीच ठरलेला असतो तेव्हा ती रूढी होते.

५. चेहरा : सावळ्या वर्णाचा प्रश्न

छटाविस्ताराचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो माणसाच्या चेहऱ्याबाबत. झोन पद्धतीच्या मांडणीत गोऱ्या युरोपीय त्वचेची जागा सहाव्या झोनमध्ये सांगितलेली आहे. गडद त्वचा पाचव्यात किंवा त्याखाली. 'चेहरा सहाव्या झोनमध्ये ठेवा' हा नियम तारतम्य न ठेवता पाळला, तर सावळा माणूस गोरा होतो. नियम न पाळता यंत्रावर भिस्त ठेवली, तर तो काळा होतो. सावळा तो सावळाच राहावा यासाठी जाणीवपूर्वक प्रयत्न करावा लागतो. ज्या संस्कृतीचे आराध्य दैवतच सावळे आहे, तेथे या छटेचे तंत्र आपण स्वतंत्रपणे विकसित करावयास हवे होते.

हा धोका किती प्रत्यक्ष आहे ते साध्या गणिताने दाखवता येईल. पांढरे धोतर, सदरा व टोपी घातलेल्या वारकऱ्यांचा समूह उन्हात उभा आहे. पांढरे कापड ऐंशी टक्के प्रकाश परावर्तित करते आणि गडद चेहरा दहा टक्के, असे धरू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरील सरासरीला मध्यम करडा, म्हणजे अठरा टक्के मानतो. चौकटीत पांढरे कापडच अधिक असेल तर तेच मध्यम करडे होते आणि चेहरा सव्वादोन टक्क्यांवर घसरतो. म्हणजे तो मध्यम करड्याच्या तीन स्टॉप खाली, दुसऱ्या झोनमध्ये जातो. तेथे डोळे, सुरकुत्या, हास्य यांतले जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. कपडे उरतात, माणूस जातो. वारीच्या कितीतरी छायाचित्रांत दिसणारी अनामिक काळी मुखे ही अशी गणिताची निर्मिती असते. मागाहून तिला 'गूढता' असे नाव मिळते.

या पार्श्वभूमीवर सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर केलेल्या कृष्णधवल छायाचित्रमालिकेचा विचार करावा लागेल. वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करीत असताना त्यांनी हा विषय दीर्घकाळ हाताळला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. गटारात उतरणारे, कचरा उपसणारे कामगार आणि त्यांची घरे, त्यांची कुटुंबे या मालिकेत येतात. विषय असा आहे की घाण, पाणी, सावली आणि माणसाची त्वचा ही सर्व गडद टोकाजवळच असतात. कॉन्ट्रास्ट थोडासा वाढवला तरी चारही एकमेकांत मिसळतील, आणि माणूस घाणीचाच एक भाग होऊन बसेल. जातिव्यवस्थेने जे समाजात केले तेच मग छायाचित्र कागदावर करील.

मालिकेचे मोल या ठिकाणी जाणवते. गडद छटांच्या प्रदेशातही चेहऱ्याला चिखलापासून वेगळे ठेवले की पाहणाऱ्याची नजर घाणीवर न थांबता माणसाकडे जाते. रंगीत छायाचित्रात घाणीचा रंगच आधी नजरेत भरला असता आणि किळस ही पहिली प्रतिक्रिया झाली असती. रंग काढून घेतल्याने किळस मागे पडते. छटा राखल्याने व्यक्ती पुढे येते. पहिली गोष्ट कृष्णधवल माध्यमाने आपोआप साधते, दुसरी छायाचित्रकाराला साधावी लागते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आली. तरीही गटारात माणसे मरत असल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा वेळी चेहरा दिसणे किंवा न दिसणे ही केवळ सौंदर्यशास्त्रीय बाब राहत नाही.

६. छापील पान आणि झेरॉक्स

महाविद्यालयीन अभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नाला एक अगदी जवळची बाजू आहे. छायाचित्र छापताना अखंड छटांचे रूपांतर हाफटोन ठिपक्यांत होते. वृत्तपत्राच्या कागदावर हे ठिपके जाड असतात व शाई पसरते. मधल्या छटा गडद होतात. आर्ट पेपरवर ठिपके बारीक ठेवता येतात. झेरॉक्स यंत्र मुळात मजकुरासाठी, म्हणजे काळे अक्षर व पांढरा कागद यांसाठी तयार झालेले आहे. करड्या छटेला ते एका बाजूला ढकलू पाहते. लेणी, वाडे, वीरगळ, लोककला यांवरील किती तरी प्रबंधांत छायाचित्रांच्या झेरॉक्स प्रती जोडलेल्या असतात. त्यांत वीरगळाचे तीन पट्टे ओळखू येत नाहीत, आणि कलावंताच्या जागी केवळ आकृती दिसते. मूळ वास्तू ढासळली, मूळ छायाचित्र हरवले, तर भावी अभ्यासकाच्या हाती हाच काळा डाग येणार आहे.

संगणकीय छायाचित्रणाने परिस्थिती सुधारावयास हवी होती. आज साध्या कृष्णधवल संगणकीय प्रतिमेत २५६ पायऱ्या असतात आणि मूळ रॉ फाइलमध्ये त्याहून कितीतरी अधिक. लाल, हिरवा, निळा या घटकांचे प्रमाण मागाहून बदलून कुंकू काळे ठेवायचे की फिकट, त्वचा उजळ ठेवायची की गडद, हे ठरवता येते. पूर्वी जे पिवळ्या, नारिंगी वा लाल फिल्टरने करावे लागे ते आता बसल्या जागी होते. सोय वाढली, निर्णयाची जाणीव मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. मोबाइलमधील तयार 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय बहुधा कॉन्ट्रास्ट वाढवूनच देतो, कारण लहान पडद्यावर तो चटकन नजरेत भरतो. 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म व कागद तयार करणारी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सार्वजनिक कंपनी आता बंद पडली आहे. कागदाची ग्रेड निवडताना जो विचार अपरिहार्यपणे करावा लागे, तोही तिच्यासारख्या उद्योगांबरोबर मागे पडला.

७. एका आक्षेपाचा विचार

तीव्र कॉन्ट्रास्टला येथे उगाच दोषी ठरवले जात आहे, असा आक्षेप घेता येईल. बिल ब्रँट यांनी उत्तरकाळात आपली छायाचित्रे कठोर काळ्या-पांढऱ्यात छापली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये दाइदो मोरियामा प्रभृतींनी खरखरीत, जळालेल्या छटांतून शहराची अस्वस्थता मांडली. त्यांना छटादारिद्र्याचा दोष देणे हास्यास्पद ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. मात्र या छायाचित्रकारांनी जे गमावले ते जाणून गमावले, आणि गमावणे हाच त्यांच्या आशयाचा भाग होता. 'अमृतमंथन'चा अंधारही याच जातीचा आहे.

दुसऱ्या बाजूने, सर्व छटा असणे हा स्वयंसिद्ध गुण नाही, हेही मान्य करावे लागेल. आजचे मोबाइल कॅमेरे अनेक प्रतिमा एकत्र करून सावली व ऊन दोन्ही सारखेच उघडे करतात. अशा चित्रात सर्व काही दिसते, पण खोली जाते. वैशाखातील ओसरी आणि अंगण यांच्या उजेडात भेदच उरत नाही. हे चित्र डिंगोऱ्याच्या उन्हाशी तितकेच अप्रामाणिक आहे. तेव्हा निकष 'छटा किती' हा नसून 'कोणत्या छटा, कशासाठी' हा असला पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला, कृष्णधवल छायाचित्राच्या समीक्षेने टोकांऐवजी मधल्या प्रदेशापासून सुरुवात करावी. चित्रातील महत्त्वाचा आशय कोणत्या छटेत ठेवला आहे हा पहिला प्रश्न असावा. दुसरा, छायाचित्रातील गांभीर्य, गूढता, दारिद्र्य यांसारख्या गुणांपैकी किती विषयाचे आणि किती सामग्रीचे, हे वेगळे करून पाहावे. तिसरा, माणसाच्या छायाचित्रात चेहऱ्याची छटा ही इतर सर्व छटांच्या आधी ठरवली जावी. चौथा, प्रबंध व प्रकल्प यांना जोडावयाच्या छायाचित्रांच्या मूळ फाइली, प्रकाशाची दिशा व वेळ यांच्या नोंदीसह, ग्रंथालयात जतन कराव्यात. झेरॉक्स प्रत पुरेशी मानू नये.

जुन्नर तालुक्यातील विद्यार्थी आज लेण्यांची, यात्रांची, पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांची असंख्य छायाचित्रे घेत आहेत. पन्नास वर्षांनी या प्रदेशाचा दृश्य इतिहास त्यांतूनच लिहिला जाईल. त्या इतिहासात माणसे ओळखू यावीत की त्यांच्या केवळ आकृती उराव्यात, हे आजच्या वर्गात कॉन्ट्रास्टविषयी काय शिकवले जाते यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील. दृश्यकलेच्या अभ्यासक्रमात कृष्णधवल छायाचित्रणाला आधीच थोडी जागा आहे. त्या जागेत निदान करड्याचा समावेश व्हावा, इतकीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.